एडा आणि सागा: मोठ्याने वाचताना जुन्या नॉर्स श्रद्धा कशा शोधाव्यात

हिवाळ्यात आठवड्यातून एकदा जमून उत्तर युरोपातल्या जुन्या कथा मराठीतून मोठ्याने वाचायच्या आणि त्या निमित्ताने ख्रिस्ती होण्याआधीच्या, म्हणजे ज्यांना ढोबळपणे पेगन म्हटले जाते त्या लोकांच्या श्रद्धा समजून घ्यायच्या, असा आपल्या वाचकगटाचा बेत आहे. कोणत्या कथा घ्याव्यात, त्यांचा क्रम काय असावा आणि श्रद्धांचा पुरावा म्हणून त्यांच्यावर कितपत विसंबावे, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. अभिवाचनाच्या बैठका मी बरीच वर्षे घेत आलो आहे आणि नॉर्स कथा त्यांत वारंवार वाचल्या गेल्या आहेत, त्या अनुभवावरून हे उत्तर देतो. माझे मत असे की देवांच्या कथा जरूर वाचाव्यात, त्या कानाला फार चांगल्या लागतात. परंतु माणसे प्रत्यक्षात काय मानत होती आणि काय करत होती हे पाहायचे असेल तर देवांपेक्षा शेतकऱ्यांच्या कथा, म्हणजे सागा, अधिक उपयोगी पडतात. गटाने निम्म्याहून अधिक वेळ सागांना द्यावा.

या कथा कोणी आणि केव्हा लिहून ठेवल्या, हे पहिल्याच बैठकीत श्रोत्यांना सांगून टाकावे. आइसलँडमध्ये वस्ती झाली ती साधारण इ.स. 870 नंतरच्या साठ वर्षांत. 930च्या सुमारास आल्थिंग ही लोकसभा स्थापन झाली आणि 1000 साली, किंवा काही अभ्यासकांच्या गणिताने 999 साली, त्याच सभेत सर्वांनी ख्रिस्ती व्हावे असे ठरले. देवांच्या कथांचा आपला मुख्य आधार असलेला स्नोरी स्टुर्लुसन हा 1179 साली जन्मला आणि त्याची गद्य एडा, म्हणजे देवकथा आणि काव्यकला समजावणारा ग्रंथ, 1220च्या आसपासची आहे. देवांविषयीची आणि वीरांविषयीची जी जुनी काव्ये एडा-काव्ये म्हणून ओळखली जातात त्यांची सर्वांत महत्त्वाची हस्तलिखित प्रत, कोडेक्स रेजियस, ही 1270च्या दशकातली मानली जाते. म्हणजे जुना धर्म राजरोस पाळणे बंद झाल्यावर दोनशेहून अधिक वर्षांनी, ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या आणि ख्रिस्ती शिक्षण घेतलेल्या माणसांनी हे लिहिले. काव्यांपैकी काही रचना त्याहून बऱ्याच जुन्या असाव्यात हे खरे, पण आपल्यापर्यंत त्या याच हातांतून आल्या. त्या जुन्या धर्माच्या अनुयायाने आपल्या धर्माविषयी लिहिलेला एकही ग्रंथ उपलब्ध नाही. आहेत ते काही शिलालेख, मूर्ती आणि थडग्यांतल्या वस्तू.

यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की स्नोरी खोटा, सगळे त्याने रचले. ते मला पटत नाही. स्नोरी हा कवी होता, दोनदा आल्थिंगचा विधिवक्ता, म्हणजे सभेत कायदा सांगणारा अधिकारी, होता आणि त्याची अडचण व्यावसायिक होती: जुन्या दरबारी काव्यातली रूपके देवकथांवर आधारलेली असत, त्या कथा नव्या पिढीला ठाऊक नसतील तर काव्यकला बुडणार होती. म्हणून त्याने त्या सांगितल्या, आणि आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून प्रस्तावनेत खुलासा केला की हे देव मुळात आशियातून, ट्रॉयहून आलेले पराक्रमी राजे होते आणि भोळ्या लोकांनी त्यांना देव मानले. बहुतेक वाचकगट ही प्रस्तावना कंटाळवाणी म्हणून गाळतात. ती गाळू नये. दहा मिनिटांत वाचून होते आणि पुढच्या प्रत्येक कथेत निवेदक कोठे उभा आहे हे श्रोत्याला कळते. त्यानंतरच्या भागात गिल्फी नावाचा राजा वेश पालटून तीन सिंहासनस्थांना सृष्टीबद्दल प्रश्न विचारतो, ते तिघे त्याला सर्व काही सांगतात आणि शेवटी मोठा आवाज होऊन तो महालच नाहीसा होतो. राजा मोकळ्या माळावर एकटा उभा असतो. प्रश्नोत्तरांचा हा घाट दोन आवाजांत वाचायला फार सोयीचा आहे. फेनरिर लांडग्याला बांधण्याची कथा याच भागात येते. त्याच्यासाठी केलेला फास मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा वस्तूंचा असतो. ही यादी वाचताना घाई करू नये, प्रत्येक वस्तूनंतर क्षणभर थांबावे; श्रोते तिथे हमखास हसतात, आणि तसे हसणे त्या कथेला अपेक्षितच असावे असे वाटते.

मोठ्याने वाचण्याचा आपला विचार त्या परंपरेला धरूनच आहे. आइसलँडच्या शेतघरांत अनेक शतके हिवाळ्यातल्या संध्याकाळी सगळे घर एका दालनात बसून लोकरीचे काम करत असे. कोणी पिंजत, कोणी सूत काढत, कोणी विणत, आणि एक जण दिव्याजवळ बसून सागा वाचत असे किंवा रीमुर ही लांबलचक कथाकाव्ये ठरावीक चालींवर म्हणत असे. अशी काव्ये म्हणणारे काही जण शेतघरे पालथी घालत हिंडत आणि बदल्यात त्यांना जेवण व निवारा मिळे. चर्चला हे फारसे रुचत नव्हते. बिशप गुद्ब्रांदुर थोरलाक्सन याने 1589च्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत राक्षसांच्या आणि जुन्या वीरांच्या या काव्यांवर टीका केली आहे. तरी वाचन थांबले नाही. उलट त्याच दालनात, त्याच श्रोत्यांसमोर, रात्रीच्या शेवटी धार्मिक प्रवचनांचे वाचनही होत असे. या वस्तुस्थितीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आजचे वाचक अनेकदा धरून चालतात की जुन्या देवांच्या कथा आवडीने ऐकणारा मनातून जुन्याच धर्माचा असणार. थॉर देवाची फजिती ऐकून हसणारे आणि त्यानंतर हात जोडून प्रवचन ऐकणारे कुटुंब एकच होते, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नव्हती.

या प्रथेतून एक व्यावहारिक गोष्ट उचलावी: श्रोत्यांना हातांत काहीतरी काम घेऊन बसू द्यावे. विणकाम, शेंगा सोलणे, काहीही चालेल. हात गुंतलेला श्रोता मोबाइलकडे वळत नाही आणि कथेतल्या लांब वंशावळींना कंटाळत नाही. वंशावळी मात्र पूर्ण वाचण्याचा हट्ट धरू नये. पुढे ज्यांची नावे येणार आहेत तेवढ्याच पिढ्या ठेवाव्यात.

आता काव्यांकडे येऊ. कोडेक्स रेजियसची आज 45 पाने शिल्लक आहेत, मधली आठ हरवलेली आहेत. 1643 साली ती प्रत स्काल्होल्टचा बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन याच्या हाती आली, 1662 साली त्याने ती डेन्मार्कच्या राजाला पाठवली आणि 1971 साली ती जहाजाने आइसलँडला परत आली. या प्रतीतले पहिलेच काव्य, व्होलुस्पा, मोठ्याने वाचण्यासाठी जणू हाताशी ठेवलेले आहे, कारण त्याचा आरंभच श्रोत्यांकडे लक्ष देण्याची मागणी करून होतो: एक भविष्यवादिनी लहानमोठ्या सर्वांना शांत राहायला सांगते आणि मग देवांचा प्रमुख ओडिन याला उद्देशून सृष्टीची सुरुवात, देवांचा संघर्ष, जगाचा शेवट आणि समुद्रातून पुन्हा वर येणारी हिरवी भूमी असे सगळे सांगत जाते. मधूनमधून ती विचारते, कळले का, की अजून काही हवे? हा प्रश्न प्रत्येक वेळी वेगळ्या स्वरात वाचला तर श्रोत्यांना काव्याची रचना आपोआप समजते. हे काव्य पहिल्या बैठकीत घेऊ नये, कारण देवांची नावे परिचयाची झाल्याखेरीज ते नुसते नावांचे धुके वाटते. स्नोरीचा गद्य भाग आधी, व्होलुस्पा नंतर, असा क्रम ठेवावा.

पहिल्या बैठकीसाठी थ्रिम्सक्विदा उत्तम. थॉरचा हातोडा थ्रिम नावाचा राक्षस चोरतो आणि त्याच्या बदल्यात फ्रेया देवी वधू म्हणून मागतो. फ्रेया संतापते, म्हणून थॉरलाच नवरीचा शालू नेसवून पाठवले जाते. मेजवानीत ही नवरी एक अख्खा बैल, आठ सामन मासे आणि तीन पिंपे मद्य संपवते, आणि सोबत दासी म्हणून आलेला खोडकर लोकी सांगतो की लग्नाच्या ओढीने बाईसाहेब आठ रात्री जेवल्या नव्हत्या. काव्य लहान आहे, संवाद भरपूर आहेत आणि तीन-चार वाचकांत वाटून देता येते. इथे एक लक्षात घेण्यासारखी बाब अशी की कोडेक्स रेजियसमधल्या काही संवादकाव्यांत समासात बोलणाऱ्याच्या नावाची अक्षरे लिहिलेली आहेत, आणि त्यावरून काही अभ्यासकांनी असे मांडले आहे की ती काव्ये वेगवेगळ्या भूमिका घेऊन सादर होत असावीत. हा तर्क आहे, पण वाचून पाहिल्यावर तो पटू लागतो, विशेषतः लोकासेन्ना वाचताना, जिथे लोकी मेजवानीत घुसून एकेका देवाची लाज काढतो. त्यात उघडावाघडा मजकूर बराच आहे. मुले असतील त्या दिवशी ते काव्य नको.

ही काव्ये यमकावर नव्हे, अनुप्रासावर उभी आहेत. ओळीच्या पहिल्या अर्ध्यातील एक-दोन ठळक शब्द आणि दुसऱ्या अर्ध्यातील एक शब्द एकाच वर्णाने सुरू होतात. सर्व स्वर एकमेकांशी जुळलेले मानले जातात. आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. मराठी भाषांतर करताना यमक जुळवण्याच्या मोहात पडू नये, कारण यमक आले की काव्याला लगेच बालगीताची चाल लागते. त्याऐवजी ओळ दोन तुकड्यांत तोडावी, मध्ये स्पष्ट विराम ठेवावा आणि जमेल तिथे आद्य वर्ण जुळवावा. मराठीला हे जड जात नाही. मूळ चालींचा अंदाज हवा असेल तर रीमुर म्हणणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. 1929 साली रेक्याविकमध्ये स्थापन झालेल्या इदुन या संस्थेने 1935-36मध्ये अशा दोनशे चाली तबकड्यांवर मुद्रित करून ठेवल्या आहेत. रीमुर एडा-काव्यांपेक्षा नंतरच्या काळातील आहेत, त्यामुळे त्या चाली म्हणजेच ओडिनभक्तांचे गायन असे मात्र कोणी समजू नये.

हावामाल या ओडिनच्या तोंडी असलेल्या उपदेशपर एडा-काव्यातील बरीच कडवी पाहुण्याने कसे वागावे, किती प्यावे, मित्र कसा जोडावा याविषयी आहेत आणि ती वाचायला सोपी जातात. ओडिन भाल्याने जखमी होऊन वाऱ्याने हलणाऱ्या झाडावर नऊ रात्री स्वतःलाच स्वतःचा बळी म्हणून लटकला, हा भाग सगळेच वाचतात. तो मूळचा किती आणि त्यावर क्रुसाच्या कथेची छाया किती, हा वाद जुना आहे आणि एका बैठकीत मिटणारा नाही.

श्रद्धांचा शोध माझ्या मते खऱ्या अर्थाने सागांपासून सुरू होतो. एयरबिग्या सागेत थोरोल्फ नावाचा थॉरभक्त नॉर्वेहून निघतो, आइसलँडचा किनारा दिसताच आपल्या मंदिरातील उच्चासनाचे खांब समुद्रात टाकतो आणि ते जिथे लागतील तिथे वस्ती करतो. त्या भूशिरावर हेल्गाफेल ही टेकडी आहे. तिच्याकडे कोणी तोंड न धुता पाहायचे नाही, तिथे माणूस किंवा जनावर मारायचे नाही, आणि आपण व आपले आप्त मेल्यावर त्या टेकडीत जाऊ, अशी थोरोल्फची धारणा. पुढे त्याचा मुलगा थोरस्टाइन मासेमारीला जाऊन बुडतो. बातमी येण्यापूर्वी एका संध्याकाळी त्याचा मेंढपाळ पाहतो की टेकडीची उत्तरेची बाजू उघडली आहे, आत मोठ्या शेकोट्या पेटल्या आहेत, पेयपानाचा गलबला चालला आहे आणि थोरस्टाइनचे स्वागत होत आहे. हा उतारा वाचून झाला की श्रोत्यांना विचारावे की यात वाल्हाला, म्हणजे मेलेल्या वीरांसाठीचा ओडिनचा महाल, कोठे आहे. तो नाही. मेलेला माणूस ओडिनच्या महालात जात नाही, घरामागच्या टेकडीत आपल्या वडिलांपाशी जातो. स्नोरीने मांडलेली नीटनेटकी व्यवस्था आणि एका खोऱ्यातल्या कुटुंबाची धारणा यांतले अंतर इथे एका दमात दिसते. जुना धर्म खोऱ्याखोऱ्यांत आणि घराघरांत वेगळा होता, त्याला एक ग्रंथ किंवा एक मध्यवर्ती पीठ नव्हते, हे शंभर वेळा समजावून सांगण्यापेक्षा स्नोरीचे वाल्हालाचे वर्णन आणि हा उतारा लागोपाठ वाचणे अधिक परिणामकारक ठरते.

सागांतला दुसरा उतारा तांबड्या एरिकच्या सागेतला. ग्रीनलँडमध्ये दुष्काळ पडला आहे, शिकारीला गेलेले काही परतले नाहीत आणि थोरकेल नावाचा मोठा शेतकरी भविष्य सांगणाऱ्या थोरब्योर्गला बोलावतो. सागाकार तिचा पोशाख नखशिखांत सांगतो: काठापर्यंत खडे जडवलेला झगा, गळ्यात काचेचे मणी, काळ्या कोकराच्या कातड्याची, आतून पांढरे मांजराचे कातडे लावलेली टोपी, हातात पितळी मुठीची काठी, पायांत केस ठेवलेले वासराच्या कातड्याचे बूट, हातांत मांजराच्या कातड्याचे मोजे. तिला करडांच्या दुधाची लापशी आणि तिथे मिळतील त्या सगळ्या प्राण्यांची काळजे वाढली जातात. दुसऱ्या दिवशी विधीसाठी एक विशिष्ट गाणे म्हणणारी बाई हवी असते आणि ते येत असते फक्त गुद्रिदला, जिला ते आइसलँडमध्ये तिच्या पालक-आईने शिकवलेले असते. गुद्रिद म्हणते, मी ख्रिस्ती आहे, मी यात भाग घेणार नाही. घरधनी आग्रह करतो, बायका कडे करून उभ्या राहतात आणि गुद्रिद ते गाणे म्हणते; इतक्या सुंदर आवाजात ते पूर्वी कोणी ऐकले नव्हते, असे सागा सांगते. तिचे वडील मात्र असले पेगन प्रकार चालू असताना घरात थांबायलाही तयार नसतात.

हा प्रसंग मी नेहमी दोनदा वाचून घेतो, एकदा सलग आणि एकदा थांबत थांबत. पहिल्या वाचनात पोशाख लक्षात राहतो. दुसऱ्या वाचनात श्रोत्यांच्या ध्यानात येते की सागाकाराने टोपीचे अस्तर सांगितले, पण गाण्याचा एकही शब्द दिला नाही. त्याला ते ठाऊक नसावे किंवा ख्रिस्ती लेखक म्हणून द्यायचे नसावे. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवाव्यात. दोनशे वर्षांनंतर लिहिलेला हा प्रसंग जसाच्या तसा घडला असे कोणी म्हणणार नाही. तरीही एकाच घरात एक जण उठून जातो, एक जण नको म्हणत गाते आणि बाकीचे पोटाच्या चिंतेने मिळेल ती मदत घेतात, हे चित्र धर्मांतराच्या काळाविषयी कोणत्याही देवकथेपेक्षा जास्त सांगते. डेन्मार्कमध्ये त्रेंडगार्डन येथे मऊ दगडाचा एक साचा सापडला आहे, ज्यात एकाच कारागिराला क्रुस आणि थॉरचा हातोडा दोन्ही ओतता येत असत. या उताऱ्यानंतर त्याचे चित्र श्रोत्यांना दाखवावे.

कथा आणि आचार यांतला फरक मराठी श्रोत्याला समजावणे अवघड नाही. श्रावणात शुक्रवारची कहाणी ऐकलेल्याला ठाऊक असते की वसा का घ्यावा हे कहाणी सांगते, पण पूजा प्रत्यक्षात कशी मांडायची, घरोघरी त्यात काय फरक असतो, हे केवळ कहाणीच्या शब्दांवरून नव्या माणसाला उभे करता येणार नाही. नॉर्स बाबतीत आपल्याकडे कहाण्या आहेत आणि पूजा बहुतांश हरवलेली आहे. बळीच्या मेजवानीचे सविस्तर वर्णन स्नोरीनेच नॉर्वेचा राजा हाकोन याच्या चरित्रात केले आहे, ज्यात घोड्यांचे रक्त डहाळ्यांनी शिंपडले जाते आणि ओडिन, न्योर्द व फ्रेयर या देवांच्या नावाने पेले उचलले जातात. ते वाचावे, पण तो आपल्या काळाच्या कितीतरी आधीचे लिहितो आहे हे सांगून. ब्रेमेनचा आदाम या जर्मन धर्मगुरूने केलेले स्वीडनमधील उप्साला येथील मंदिराचे वर्णन अकराव्या शतकातले आहे, तरी ते ऐकीव आणि विरोधी पक्षाचे. याउलट आइसलँडमधील मीवाटन सरोवराजवळ होफ्स्टाडिर येथे उत्खननात एका मोठ्या दालनाच्या परिसरात बैलांच्या कवट्या मिळाल्या, ज्या बळीनंतर बाहेर टांगून ठेवल्या असाव्यात असे त्यांच्यावरील खुणांवरून दिसते. तिथे कोणाची लेखणी मध्ये येत नाही.

एक सापळा खास आपल्या श्रोत्यांचा आहे. थॉर आला की कोणीतरी इंद्र म्हणते, हातोडा आला की वज्र, आणि चर्चा तिथेच संपते. भाषाकुळ एक असल्यामुळे तुलनेला आधार आहे आणि गंभीर अभ्यासकांनी ती केलेलीही आहे. परंतु वाचनाच्या बैठकीत ती शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवावी. आधी थॉरला थॉर म्हणून ऐकावे: शेतकऱ्यांचा, समुद्रावर निघालेल्यांचा, तापट आणि जेवणावर आडवा हात मारणारा देव.

गटातील काहींना पुढे जाऊन विधी करून पाहावासा वाटेल. आइसलँडमध्ये शेतकरी आणि कवी स्वेनब्योर्न बेइनतेइन्सन व काही सहकाऱ्यांनी 1972 साली आसात्रूआरफेलागिद ही संस्था स्थापन केली, 1973 साली तिला धार्मिक संघटना म्हणून सरकारी मान्यता मिळाली आणि आज तिचे पाच हजारांहून अधिक सदस्य आहेत. स्वेनब्योर्न स्वतः एडा-काव्ये जुन्या चालीने म्हणत असे आणि त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ते जरूर ऐकावे. त्या संस्थेचे सध्याचे प्रमुख, संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मारसन, यांनी जाहीरपणे सांगितले आहे की या कथांकडे आपण काव्यात्म रूपके म्हणून पाहतो. ही आजची श्रद्धा आहे आणि तिला आजच्या श्रद्धेचा मान द्यावा. दहाव्या शतकात असेच होत असे, असा पुरावा म्हणून तिच्याकडे पाहू नये. वाचनाच्या जागी मात्र विधी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यानंतर मजकुरावर शंका घेणे श्रोत्यांना अवघड जाते. तसेच रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीची काही चिन्हे नाझींनी वापरली आणि आजही वंशवादी गट वापरतात, त्यामुळे गटाच्या निमंत्रणपत्रिकेवर सजावट म्हणून चिन्ह घेण्यापूर्वी ते कोणते आहे हे तपासावे.

क्रम असा ठेवावा: थ्रिम्सक्विदा, स्नोरीची प्रस्तावना आणि गिल्फीचे प्रश्न, व्होलुस्पा, मग दोन्ही सागांतले उतारे, हाताशी वेळ असेल तर ह्राफ्नकेलची सागा संपूर्ण, आणि अखेरीस आरी थोरगिल्सनने 1122 ते 1133च्या दरम्यान लिहिलेल्या आइसलँडच्या छोट्या इतिहासातले धर्मांतराचे प्रकरण. त्यात दोन्ही पक्ष लढाईच्या बेतात असताना निवाडा विधिवक्ता थोरगेइर याच्यावर सोपवला जातो, जो स्वतः जुन्याच धर्माचा असतो. तो अंगावर पांघरूण ओढून एक दिवस आणि एक रात्र न बोलता पडून राहतो, मग उठून सांगतो की कायदा तुटला तर शांतताही तुटेल, म्हणून सर्वांनी एकच कायदा पाळावा आणि बाप्तिस्मा घ्यावा. नकोशी अर्भके उघड्यावर टाकण्याची आणि घोड्याचे मांस खाण्याची जुनी मुभा राहील आणि कोणाला गुपचूप बळी द्यायचा असेल तर देता येईल, मात्र साक्षीदार मिळाले तर तीन वर्षांची हद्दपारी. ही सवलतही काही वर्षांत रद्द झाली, असे आरी पुढच्याच ओळीत नोंदवतो. हे प्रकरण एकाच वाचकाने, भूमिका न वाटता, सपाट आवाजात वाचावे, कारण आरीची शैलीच तशी आहे, आणि सवलतींच्या वाक्यानंतर थांबून श्रोत्यांना विचारावे की टेकडीला मानणाऱ्या थोरोल्फच्या घरच्यांनी त्यातली कोणती सवलत वापरली असती.